डोक्यावरची रेघ

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनचा कंटाळा आलाय, एवढंच. दिवसभर पार्लरमध्ये बायका बोलत असतात आणि मी हुंकार देत असते. संध्याकाळी पुन्हा तेच कानाशी लावायचं म्हणजे शिक्षाच. शिवाय तू छापखान्यातली मुद्रितशोधक. लोकांच्या चुका शोधल्याशिवाय तुला घास गोड लागत नाही. माझ्या चुका आता घरपोच मिळतील. तेव्हा फोन करू नकोस, पत्र लिही.

माझं ठीक चाललंय. डावी पापणी जरा जड झालीय, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिलाय. सकाळी खुर्चीत एक बाई दिसते, दुपारनंतर तिच्या शेजारी तिची जुळी बहीण येऊन बसते. परवा त्या बहिणीचीच बट कापायला गेले आणि हवेत कात्री चालवली. गिऱ्हाइकाला वाटलं, नवीन पद्धत आहे. दात दुखतोय म्हणून सध्या सगळं पातळ खाते.

दादाचं मात्र डोकं फिरलंय. सारखा म्हणतो, पार्लर बंद कर, वरच्या खोलीत आराम कर. पार्लरची जागा त्याची आहे हे मला मान्य, पण एकोणीस वर्षं त्या खुर्चीमागे मी उभी आहे, तो नाही. आराम करायला मी काय माहेरपणाला आलेय? त्याच्या डोक्यात हे कुणी भरवलं कोण जाणे.

(जरा पडून आले.)

तुझं कसं चाललंय ते लिही. पाठीचं दुखणं कमी आहे का? तुझे मालक अजून तुला खिडकीपाशी बसू देत नाहीत का? त्यांना म्हणावं, आमच्या ताईचे डोळे गेले तर तुमच्या पुस्तकांत 'पिता'चा 'पीत' होईल.

तुझी,
कात्री


१९ फेब्रुवारी

प्रिय कात्री,

तुझं पत्र हातात घेतलं आणि काळजात चर्र झालं. मजकुरामुळे नव्हे, अक्षरामुळे.

सुट्टीत आपण मावसबहिणी एका खोलीत असायचो तेव्हाचा आपला कायदा मी विसरलेले नाही. भांडण झालं की बोलायचं नाही, चिठ्ठी लिहायची, आणि अक्षरांच्या डोक्यावर रेघ द्यायची नाही. बोडकी अक्षरं म्हणजे कट्टी. तू एकदा अख्खे सहा दिवस मला बोडक्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्यास, एका रिबिनीपायी.

आता मी आठवड्याला तीनशे पानं वाचते. रेघ कुठे तुटली ते मला झोपेतही दिसेल. तुझ्या पत्रात सुरुवातीला रेघ ठसठशीत आहे. पुढे ती डळमळते. दादाचा विषय निघाला की गायब! एकूण एक अक्षर बोडकं. विषय संपला की पुन्हा रेघ हजर. 'हे कुणी भरवलं कोण जाणे' असं लिहून तू मला बरोबर चिमटा काढलास.

कळलंच आहे तुला, तर कबूल करते. हो, मीच सांगितलं दादाला. जानेवारीत तुझ्या दोन गिऱ्हाइकांनी वहिनीच्या कानावर घातलं की दुपारनंतर तुझे डोळे मिटलेले असतात आणि जीभ जड असते. मी विश्वास ठेवला नाही. मग एका संध्याकाळी तुला फोन केला आणि तुझं बोलणं ऐकलं. नाकातून येत होतं, शब्द चिकटलेले. कात्री, मला वाटलं तू प्यायला लागलीस. म्हणून दादाला म्हटलं, तिला काही दिवस त्या खुर्चीपासून लांब ठेव, लोकांत शोभा नको.

रुसायचं असेल तर रुस, पण मला कारण कळू दे. काय दुःख झालंय तुला?

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

या पत्रात प्रत्येक ओळीवर रेघ आहे. पट्टी ठेवून मारली आहे. नीट बघ. मी खरी संतापले की अशी लिहिते.

मला काडीचंही कळलेलं नव्हतं, बाई! मी आपली गरीब गाईसारखी तुझ्या पाठदुखीची चौकशी करत होते आणि तू स्वतःच्या तोंडाने सगळं ओकलीस. चोराला पकडायचं तर पोलिसाने निदान जागं असावं लागतं, इथे तर पोलीस झोपलेला आणि चोर येऊन त्याला हलवतोय.

पिते म्हणे! अगं, साधं पाणी पिताना नाकातून बाहेर येतं माझ्या. दारू काय पिणार, कपाळ?

आता ऐक. रेघ मी मुद्दाम गाळली नाही. दहा-पंधरा ओळी झाल्या की हात मनगटातून सुटतो, अक्षर कसंबसं होतं, वर रेघ मारायला हात उचलायचा म्हणजे पाण्याने भरलेली बादली उचलायची. म्हणून सोडून दिली. तुला कळेल असं वाटलं नाही. चुका शोधशील हे ठाऊक होतं, रेघाही बघशील हे नव्हतं.

फोन बंद केला तो याच कारणाने. संध्याकाळी जीभ माझं ऐकत नाही. दात दुखत नाही, चावताना जबडाच थकतो आणि हाताने वर ढकलावा लागतो. आयब्रो करताना दोरा ओठांत धरवत नाही. कंगवा डोक्यापर्यंत नेला की हात आपोआप खाली. गेल्या महिन्यात एका नवरीचा अंबाडा मी भिंतीला कोपर टेकून घातला. सगळं आठ महिन्यांपासून चाललंय.

डॉक्टर? तीन झाले. पहिल्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसरा म्हणाला, मनावर घेऊ नका. तिसरा म्हणाला, बाई, एखादा छंद लावून घ्या. मी म्हटलं, केस तर कापतेच, आता गळे कापायचा छंद लावून घेऊ का? तिघांच्याही दवाखान्यात मी सकाळी दहाला जाते, हात वर करा म्हणतात, मी करते, खाली दाबतात, दाबला जात नाही. तुम्ही तर ठणठणीत आहात! आणि दोन वाजता मी पार्लरच्या बाकावर मेल्यासारखी.

हे पत्र चार दिवस लिहितेय, रोज सकाळी थोडं थोडं. एवढ्या कष्टाने तुझ्यावर ओरडलेय, तर वाईट वाटून घे.

कात्री


९ मार्च

प्रिय कात्री,

वाटलं. खूप वाटलं. तीस वर्षं शब्द वाचतेय मी आणि माझ्या बहिणीचं पत्र उलटं वाचलं. माफी मागून तुझा वेळ घालवत नाही, कामाचं लिहिते.

तुझं पहिलं पत्र मी टेबलावर पसरलं, जसं प्रूफ पसरते तसं, आणि ओळी मोजल्या. चौदा ओळी रेघ साबूत. सहा ओळी थरथरती. दहा ओळी बोडक्या. मग तू कंसात लिहितेस, 'जरा पडून आले', आणि पुन्हा सात ओळी रेघ अशी की शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटावी. दादाचा विषय आणि रेघेचा काही संबंध नव्हता. संबंध त्या पडून येण्याशी होता.

मी काही डॉक्टर नाही. पण एवढं कळतं की रुसवा पडून राहिल्याने जात नाही. प्यायलेला माणूस पाऊण तास पडून उठला म्हणून सरळ लिहायला लागत नाही. जे वापरलं की संपतं आणि थांबलं की परत येतं ते मनाचं दुखणं नव्हे. ते हातातलंच काहीतरी आहे, आणि त्याला नियम आहे.

तुझे डॉक्टर तुला सकाळी बघतात. म्हणजे पहिलं पान वाचून पुस्तक पास करतात. शेवटचं पान कुणी उघडतच नाही. तू मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा, तुमच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात असतील. आणि टवटवीत होऊन जाऊ नकोस. थकून जा. तुझं पहिलं पत्र परत पाठवतेय, समासात लाल शाईने खुणा केल्यात. ते दाखव.

दादालाही लिहिलंय की मी चुकले आणि हा आजार आहे, नखरा नाही.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

बस खाली. पाणी घे. मग वाच.

मज्जातंतूंचा विभाग आठवड्यातून एकदाच, तोही सकाळी नऊला. संध्याकाळी येऊ का म्हटलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, आत्याबाईंच्या घरी आलात का? नंबर चौतिसावा. पाच तास लाकडी बाकावर बसून राहिले असते तर आत जाईपर्यंत आणखीच ताजीतवानी झाले असते. म्हणून कात्री, कंगवा आणि खांद्यावर टाकायची चादर घेऊनच गेले होते.

शेजारच्या निवृत्त ड्रायव्हरला म्हटलं, काका, केस वाढलेत, कापू का? त्यांनी विचारलं, इथे? मी म्हटलं, इथे. त्यांच्यानंतर दोन बहिणी बसल्या. मग एक शिक्षिका. नर्स ओरडत आली, हा दवाखाना आहे की काय आहे! मी म्हटलं, तेच मीही नऊ महिने विचारतेय. झाडू मात्र मीच मारला. शेवटी नंबर पुकारणारा शिपाई बसला. त्याच्या मानेपर्यंत आले आणि हात खांद्यातून गळून पडला. पापणी बंद. बोलायला गेले तर नुसता गेंगाणा आवाज. शिपाई घाबरला आणि त्याने मला पंचविसाव्या नंबरला आत ढकललं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. तिने तुझ्या लाल खुणांचं पत्र वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. हे कुणी केलं, म्हणाली. मी टेबलावर बोटाने लिहिलं, माझ्या बहिणीने. मग तिने मला छताकडे बघत राहायला लावलं, उजवी पापणीही घसरली. रबरी हातमोज्यात बर्फ घालून तिने तो माझ्या डाव्या डोळ्यावर धरला. दोन मिनिटं. काढला आणि आरसा समोर केला.

डोळा उघडा होता, ताई. पुरता उघडा. मी आरशासमोर आयुष्य काढलंय, पण त्या आरशात बघून रडले.

मग रक्त तपासलं, एकाच नसेला पुन्हा पुन्हा बारीक झटके देऊन बघितले. नाव आहे मायस्थेनिया. मेंदू हुकूम सोडतो, स्नायू तयार असतात, पण हुकूम जिथून आत जातो ती दारं शरीर स्वतःच बंद करत सुटतं. ती म्हणाली, हा आजार मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण ताब्यात ठेवता येतो. आणि म्हणाली, तुम्ही आळशी नाही, वेड्या नाही. मी न विचारता म्हणाली.

तिथेच एक गोळी दिली. पाऊण तासाने मी दवाखान्याच्या दारात सफरचंद खाल्लं. सालासकट, करकर चावून. लोक बघत होते, बघू देत.

तुझीच,
कात्री


१२ एप्रिल

प्रिय कात्री,

पत्र छापखान्यात मोठ्याने वाचलं. मालकांनी मला खिडकीची जागा दिली. शेवटी कुणाची तरी मात्रा लागू पडली म्हणायची.

एक गोष्ट. त्या डॉक्टरीणबाईंनी कोणती औषधं तुला चालत नाहीत त्याची यादी दिली असेल. ती पर्समध्ये ठेव. आणि मुख्य म्हणजे पर्स उघडत जा. मी तुला ओळखते. आजारी म्हणवून घेण्यापेक्षा तू जिना चढून पडशील.

ताई


३० जून

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही. कात्री नऊ दिवसांपासून अतिदक्षता विभागात आहे. श्वासाला यंत्र लावलं आहे. घाबरू नकोस, धोका टळला असं आज सांगितलं.

सर्दी-ताप झाला होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दिलेलं औषध नेमकं तिच्या यादीतलं होतं. यादी पर्समध्ये होती, तिने काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसलेली सापडली, श्वास घेता येत नव्हता. मी उचलून नेली.

मार्चमध्ये तू मला लिहिलंस की हा नखरा नाही. मी वाचलं, पण मनावर घेतलं नाही. आता यंत्र तिच्यासाठी श्वास घेतं तेव्हा मी शेजारी बसून माझा श्वास मोजत असतो.

घशात नळी असल्याने बोलता येत नाही. पाटी दिली आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं लिहिलं ते असं: पार्लरला हात लावू नकोस. मी मान हलवली. पण ताई, मी खोटी मान हलवली. एक माणूस ती खोली मागतो आहे, त्याला गोदाम करायचं आहे. वर्षअखेर देऊन टाकायचं ठरवलं आहे. तिला माझ्यावर चिडायचं तर चिडू दे, पण जिवंत राहून चिडू दे. तू माझ्या बाजूने बोल.

तुझा,
दादा


२६ जुलै

प्रिय ताई,

घरी आले. रक्तातला पाण्यासारखा भाग काढून त्या जागी नवा घातला, पाच वेळा, तेव्हा कुठे छातीने काम हाती घेतलं. आता आणखी एक औषध सुरू आहे, त्याने तोंड भोपळ्याएवढं झालंय. वहिनी म्हणते तब्येत सुधारली.

चूक माझी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांसमोर यादी काढायला लाज वाटली. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली होती. तीन डॉक्टरांना खोटं ठरवून आलेली बाई, आणि चारचौघांत पर्स उघडवेना. तू लिहिलं होतंस तसंच केलं. याबद्दल तुला एकदाच काय बोलायचं ते बोलून घे.

दादा नजरेला नजर देत नाही. काहीतरी शिजतंय. पार्लरबद्दल त्याने तुला विचारलं, तर तू माझ्या बाजूने आहेस ना?

कात्री


८ ऑगस्ट

प्रिय कात्री,

नाही. या वेळी मी दादाच्या बाजूने आहे, आणि या वेळी ते तुझ्या पाठीमागे नव्हे, तोंडावर सांगते. त्याने खोली वर्षअखेर देऊन टाकायचं ठरवलंय.

तू यंत्रावर आहेस हे मला नऊ दिवस उलटून गेल्यावर दादाच्या पत्रातून कळलं. तुझा हट्ट मला आवडतो, पण तुझ्या हट्टाची तेरवी मला करायची नाही. इकडे ये. माझ्याबरोबर प्रुफं वाच. बसून काम आहे, हात वर करावे लागत नाहीत, थकलीस तर पडायला मागे खोली आहे. यात हरणं नाही.

ये ना ग.

तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तीन महिने लिहिलं नाही. हात ठीक होता. राग होता. खरा.

तुझं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. तू प्रेमाने लिहिलंस आणि दादाने प्रेमाने ठरवलं, आणि दोघांच्या प्रेमात माझं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे न मरणं. ते मला पुरत नाही. मला केस कापता येतात. यंत्रावर पडले होते तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही, मनातल्या मनात केस कापत होते. एकेका गिऱ्हाइकाचं डोकं आठवून, मागून पुढे.

सप्टेंबरात छातीच्या हाडामागची एक ग्रंथी काढून टाकली. डॉक्टरीणबाई म्हणते, तिचा फायदा दिसायला वर्षही लागेल. लागू दे. चार-चार तासांनी गोळ्या आहेत, भोपळा आहे, आणि आता दुपारी मला एकच बाई दिसते. डॉक्टरीणबाईला विचारलं, काम करू का? ती म्हणाली, बेतशीर करा, पण करा.

मग मी बेत केला. सुताराला बोलावून गिऱ्हाइकाच्या खुर्चीचे पाय वीतभर कापून घेतले, स्वतःसाठी चाकांचं स्टूल केलं. आता डोकं माझ्या छातीशी येतं, हात वर जातच नाहीत. उंच बायकांचे गुडघे हनुवटीला लागतात, त्याला माझा इलाज नाही. वेळ सकाळी दहा ते एक, दुपारी चार ते सहा. आरशाच्या शेजारी न चालणाऱ्या औषधांची यादी चौकटीत लावलीय, जिथे लोक नट्यांचे फोटो लावतात तिथे. वर आजाराचं नाव लिहिलंय, ठळक. खाली लिहिलंय: मध्येच थांबावं लागलं तर थांबेन. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरीकडे जावं. आता लाज वाटून घ्यायची पाळी त्यांची.

दादा हे सगळं बघत होता. मला अडवलं नाही, पण त्या गोदामवाल्याला नाहीही म्हणाला नाही.

काल बाराच्या सुमाराला एक नवीन बाई आल्या. घाईत, कपाळावर आठ्या, चौकटीतलं एक अक्षर न वाचता बसल्या. गुडघे वर आले म्हणून कुरकुरल्या. सकाळी गर्दी होती आणि मी गोळी उशिरा घेतली होती. त्यांची उजवी बाजू कापून झाली आणि माझी बोटं कात्रीतून सैल व्हायला लागली. पूर्वीची असते तर भिंतीला कोपर टेकून, दात-ओठ खाऊन डावी बाजूही कापली असती, वाकडी. काल मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, बाई, मला वीस मिनिटं पडावं लागेल. त्या म्हणाल्या, काय? मी यादीकडे बोट केलं आणि बाकावर आडवी झाले. सगळ्यांच्या देखत, भर दुपारी, डोळे मिटून.

त्या काहीतरी पुटपुटत होत्या. तेवढ्यात दारातून दादाचा आवाज आला आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या कुणाचा तरी. ओळखलं मी. तोच माणूस, खोली बघायला आला होता. दादाला वाटलं असेल, एक वाजून गेला, पार्लर बंद झालं. घड्याळ बघायला विसरला. तो माणूस आत आला, पावलांनी जमीन मोजल्यासारखा चालला, माझ्यापाशी थांबला. मग दादाला म्हणाला, "हे तर बंदच पडलंय की!"

मी डोळे न उघडता वाट बघत होते, दादा काय म्हणतो त्याची.

"बंद?" त्या बाई खुर्चीतून ओरडल्या. "बंद कसं? माझं अर्धं डोकं राहिलंय! बाहेर व्हा आधी, उजेड अडवताय."

तो माणूस बाहेर गेला. दादा गेला नाही. मी कधी आडवी झाले, किती वेळ मागितला, ते त्याने त्या बाईंना विचारून घेतलं आणि घड्याळ बघून म्हणाला, "बारा मिनिटं राहिलीत. पाणी देऊ का?"

मी डोळे उघडले नाहीत. अजून बारा मिनिटं माझी होती.

कात्री